'येतो' म्हणून निघालेले

'स्वदेस' मी पहिल्यांदा होस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला. शेवटच्या अर्ध्या तासात रूममधली सगळी पोरं गप्प होती. नोकरी लागली की आपणही असंच काहीतरी करायचं, असं तेव्हा ठरवलं. नोकरी लागली, पुण्यात. मग कंपनीने समाजकार्यासाठी दिलेल्या सुट्टीत मी दहा दिवस मालेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवून आलो. (हे मालेगाव आमच्या वाशिमचं, नाशिकचं नव्हे.) वाशिम 2018पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणून कंपनीच्या यादीतही.

परत आल्यावर सिनेमा पुन्हा पाहिला आणि त्यातल्या निरोपाशी माझं भांडण सुरू झालं.

आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा 2004चा. नासात काम करणारा मोहन भार्गव चरणपूरला येतो. (पडद्यावरचं ते गाव म्हणजे आपल्या वाईजवळची मेणवली.) पोरांना शाळेत आणायला घरोघर फिरतो, पाण्यावर वीज करून दाखवतो आणि जातो. निघताना गीता त्याला गावाकडच्या जिनसांनी भरलेली पेटी देते. प्रसंग सुंदर आहे, आजही घशात येतं. पण मोहन निघतो तसा सिनेमाही त्याच्याबरोबर निघतो. पुढे गाव दिसतं ते त्याच्या आठवणीत. दुसऱ्या दिवशी शाळेत काय झालं? वर्ग तर गीतालाच घ्यायचा होता. पोरांनी तिला काय विचारलं असेल, ते दिग्दर्शकाला दाखवावंसं वाटलं नाही. मलाही पहिल्यांदा पाहताना तो प्रश्न पडला नव्हता.

मला पेटी नाही, पुडी मिळाली होती. वहीच्या कागदात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा. मी सगळ्यांना म्हणालो, "चला, येतो." आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. चौथीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "सर, मंग कवा येसान?" मी म्हणालो, "लवकरच." मग ग्रुप फोटो झाला. शेंगा ट्रॅव्हल्समध्येच संपल्या. फोटोला भरपूर लाइक आले.

मोहन परत येतो, हे सिनेमाच्या बाजूने सांगायलाच हवं. हातातलं काम पुरं करून येतो, हे मला इंजिनियर म्हणून विशेष आवडतं. तो ज्या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावर काम करतो, ती मोहीम खरी आहे. फक्त खरा उपग्रह 27 फेब्रुवारी 2014ला उडाला. त्या हिशोबाने मोहन गावात पोचेपर्यंत छोटा चिक्कू कॉलेजात गेला असता.

माझ्या मते सिनेमातला सगळ्यात खरा निरोप रेल्वे स्टेशनवरचा आहे. पंचवीस पैशांना कुल्हडभर पाणी विकणारा मुलगा खिडकीशी येतो. तोवर बाटलीचंच पाणी पिणारा मोहन त्याच्याकडचं पाणी घेतो, पितो. गाडी सुटते. कोणी कोणाला 'येतो' म्हणत नाही. मुलाला पुढचं गिऱ्हाईक बघायचं असतं. हा प्रसंग मोहनला रडवतो, पण मुलाला त्याची वाट बघायला लावत नाही. निरोपाच्या प्रसंगात गोवारीकरांना हे भान का राहिलं नाही, कळत नाही.

दोन महिन्यांनी त्या शाळेतल्या गुरुजींना फोन केला. मुलं कशी आहेत विचारलं. मजेत आहेत म्हणाले. मग सहज सांगावं तसं बोलले, "तुम्ही गेल्यावर आठवडाभर पोरं दाराकडंच पाहत होती. मी सांगितलं, सर परीक्षेनंतर येतील."

मी विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

"झाली की," गुरुजी म्हणाले.