टाक्याचा हिशेब

वाशीम जिल्ह्यातल्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. एका टेबलावर पुठ्ठ्याचे नाडेप टाके होते, शेजारी मोहरीची कुंडी. तक्त्यावर लिहिले होते : मोहरी मातीतील शिसे शोषते, मोहरीचे खत करा, माती शुद्ध. मुलांची मेहनत दिसत होती. पण टाक्यात गेलेल्या शिशाचे पुढे काय होते, हे तक्त्यावर कुठेच नव्हते.

दोष मुलांना देता येत नाही. नाडेपची शिफारस करणारे मोठेही हिशेबात असेच ढिले असतात. वाशीमला लागून असलेल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची ही पद्धत आम्हांला मोलाची वाटते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी भोके, त्यामुळे ढीग वरखाली करण्याचे कष्ट नाहीत. शेण जेमतेम 100 किलो लागते. सोयाबीनचे कुटार पेटवून देणाऱ्या मुलखात हे थोडे नव्हे. पण 'एवढ्याशा शेणात तीन टन खत' असे सांगितले जाते, तेव्हा विद्यार्थ्यांना वजने मांडायला लावावीत. काडीकचरा सुमारे 1500 किलो, चाळलेली कोरडी माती सुमारे 1750 किलो. तीन-चार महिन्यांत कचऱ्याचे जवळपास निम्मे कोरडे वजन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाते. माती मात्र कुठेच जात नाही. म्हणजे त्या तीन टनांत निम्म्याहून अधिक आपलीच माती! ती ओल आणि अमोनिया धरून ठेवते, निरुपयोगी मुळीच नाही. पण तिला शेणाची किमया म्हणू नये. स्फुरद तर कचरा, शेण व माती यांत होते तेवढेच राहते.

हाच हिशेब शिशाला लावा. कीटकनाशकांचे काही रेणू सूक्ष्मजीव मोडू शकतात. शिसे हे मूलद्रव्य, ते मोडत नाही. समजा, एक किलो वाळलेल्या पाल्यात 20 मिलिग्रॅम शिसे आहे. कुजून पाला अर्धा किलो उरला, तरी शिसे 20 मिलिग्रॅमच. किलोमागे प्रमाण दुप्पट झाले. ते खत शेतात टाकले, की शिसे पुन्हा मातीत.

दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ती चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असल्यामुळे तिच्यात शिसे घट्ट बांधले जाते. खतातला ह्यूमसही ते धरून ठेवतो. मोहरीने जे थोडे घेतले, तेही बहुतांशी मुळांतच अडकते. अन्नपिकासाठी ही चांगली गोष्ट आहे, पण शिसे उपसून काढायचे असेल तर नेमकी आड येणारी. फ्लोरिडात आढळलेल्या, 2001 साली जाहीर झालेल्या एका नेच्याने पानांत आर्सेनिक भरपूर साठवल्याचे दिसले. पण अशा वनस्पती मोजक्या, आणि त्यांचीही पाने कापून सुरक्षित जागी न्यावीच लागतात.

नागपूरच्या 'नीरी'ने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातली प्रेसमड आणि जिवाणू खते घालून झाडे वाढवली. ते काम आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे झाडांकडून धातू उपसून काढण्याची अपेक्षा नव्हती. ढिगारा जागेवर धरून ठेवायचा, धूळ आणि धूप थांबवायची, एवढे काम त्यांना दिलेले होते.

त्या मुलांना आम्ही गुण दिले. तक्त्यावर एक बाण मात्र वाढवायला सांगितला : टाक्यातून परत शेताकडे जाणारा.