मुक्तस्रोत प्रकल्पांच्या बोधचिन्हांची निवड : विकिपीडियाच्या 'वि'च्या निमित्ताने एक चिकित्सा

सारांश

मुक्तस्रोत आज्ञावली अनेकांच्या सहभागातून घडते आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार सर्वांना असतो. तिचे बोधचिन्ह मात्र बहुधा एखाद्या स्पर्धेतून वा मतदानातून एकदाच निवडले जाते आणि त्यानंतर ते अचल बनते. प्रस्तुत लेखात विकिपीडियाच्या २००३ मधील बोधचिन्हातील देवनागरी अक्षराची चूक केंद्रस्थानी ठेवून लिनक्स, डेबियन, फायरफॉक्स व मीडियाविकी या प्रकल्पांच्या चिन्हांचा आणि तुलनेसाठी भारतीय रुपयाच्या चिन्हाचा परामर्श घेतला आहे. बोधचिन्हाचा खुलेपणा केवळ मतदानाने सिद्ध होत नाही, दुरुस्तीला वाव असण्याने तो सिद्ध होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बोधचिन्ह, मुक्तस्रोत आज्ञावली, देवनागरी, विकिपीडिया, मीडियाविकी, दुरुस्तीक्षमता.

प्रस्तावना

मुद्रेची कल्पना मराठी समाजाला नवीन नाही. शिवकालात राजाची मुद्रा उमटली की कागदाला आज्ञेचे मोल येत असे. मुद्रेमागे सत्ता उभी असे आणि ती कोणाची, याविषयी संदेह नसे. आधुनिक काळात विद्यापीठे, बँका, प्रकाशनसंस्था व उद्योगसमूह यांनी आपापली बोधचिन्हे स्वीकारली. त्यांच्याही मागे एक निश्चित मालक, एक संचालक मंडळ असते. चिन्ह बदलावयाचे झाल्यास तज्ज्ञाला पाचारण केले जाते, मंडळ मान्यता देते आणि ग्राहकाला नवे चिन्ह केवळ पाहावयास मिळते.

मुक्तस्रोत आज्ञावलीच्या बाबतीत ही चौकट अपुरी पडते. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. तिच्या निर्मितीत जगभरातील शेकडो व्यक्ती विनामूल्य सहभागी होतात. अशा प्रकल्पाचे चिन्ह कोणी ठरवावे, कशाच्या आधारे ठरवावे आणि ते चुकल्यास कोणी सुधारावे, हे प्रश्न वरवर पाहता सजावटीचे वाटतात. प्रत्यक्षात ते सामुदायिक निर्मितीच्या मुळाशी जाणारे आहेत.

स्पर्धा, मतदान आणि लोकमान्यता

लिनक्सचा पेंग्विन हे या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित चित्र होय. १९९६ साली लॅरी ईविंग यांनी 'गिंप' या मुक्त चित्रप्रणालीच्या साहाय्याने तो रेखाटला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांना पेंग्विन प्रिय होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. विशेष म्हणजे लिनक्सच्या चिन्हासाठी झालेल्या स्पर्धांपैकी एकीतही हा पेंग्विन विजयी ठरला नाही. म्हणूनच औपचारिकदृष्ट्या तो लिनक्सचे बोधचिन्ह न मानता शुभंकर मानला जातो. स्पर्धेतील विजेती चित्रे विस्मरणात गेली आणि पराभूत चित्र जगभर पोहोचले. लोकमान्यता व मतमोजणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

डेबियन प्रकल्पाने १९९९ साली अधिक शिस्तबद्ध मार्ग चोखाळला. चिन्हासाठी स्पर्धा घेण्यात आली आणि प्रकल्पाच्या विकासकांनी मतदान केले. केवळ आकृतीवर मतदान करून ते थांबले नाहीत. चिन्ह कोणत्या परवान्याखाली वापरावे हाही प्रश्न मतास टाकण्यात आला. परिणामी एक चिन्ह सर्वांच्या वापरासाठी खुले राहिले आणि दुसरे प्रकल्पाच्या अधिकृत कामापुरते राखीव ठेवण्यात आले. चिन्हाची निवड म्हणजे रेषा व रंगांची निवड एवढेच नसून चिन्हावरील अधिकारांची मांडणीही आहे, याचे भान या समुदायाने दाखविले. पुढील उदाहरणात नेमके याच भानाची उणीव जाणवते.

विकिपीडियाचा गोल आणि देवनागरी 'वि'

विकिपीडियाचे बोधचिन्ह म्हणजे जोडखेळाच्या तुकड्यांनी बनलेला, वरच्या बाजूने अपुरा असलेला गोल. २००३ साली झालेल्या स्पर्धेत पॉल स्टॅन्सिफर यांची कल्पना निवडली गेली आणि डेव्हिड फ्रीडलँड यांनी तिला सुधारित रूप दिले. प्रत्येक तुकड्यावर एका लिपीतील अक्षर असावे, ही कल्पना अर्थपूर्ण होती. ज्ञान अपूर्ण आहे, ते अनेक भाषांनी मिळून पूर्ण करावयाचे आहे, असा आशय त्या आकृतीतून सहज व्यक्त होतो. देवनागरीला त्या गोलावर स्थान मिळाले, ही मराठी वाचकाला सुखावणारी बाब होती. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच वर्षी हा गोल अवतरला आणि मराठी आवृत्तीच्याही शिरोभागी विराजमान झाला.

परंतु त्या गोलावरील 'वि' चुकीचा होता. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी, डावीकडे लिहिली जाते, हे पहिलीतील मूलही जाणते. गोलावर मात्र ती 'व'च्या उजव्या बाजूस जाऊन बसली होती. संगणकीय संकेतप्रणालीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. आधी 'व' आणि नंतर इकार. पडद्यावर दाखविताना हा क्रम उलटवून वेलांटी डावीकडे नेण्याचे काम आज्ञावलीने करावयाचे असते. त्या काळातील अनेक संगणकांत ही सोय नीट नव्हती आणि इकार व्यंजनामागे फरफटत जात असे. बोधचिन्हातील 'वि'चे रूप नेमके या दोषाशी जुळणारे होते. जपानी लिपीतील अक्षरही सदोष होते. २००७ साली न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्राने या चुकांची दखल घेतली. तरीही दुरुस्त गोल प्रत्यक्षात येण्यास मे २०१० उजाडावे लागले.

येथे एक विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे. तपासणाऱ्यांची संख्या पुरेशी असेल तर कोणताही दोष फार काळ लपून राहत नाही, अशा आशयाचे तत्त्व एरिक रेमंड यांनी 'लिनसचा नियम' म्हणून मांडले. विकिपीडिया हे त्या तत्त्वाचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक होय. तेथील लेखातील शुद्धलेखनाची चूक कोणीही वाचक क्षणात सुधारू शकतो. त्याच विकिपीडियाच्या माथ्यावरील अक्षराची चूक मात्र सुमारे सात वर्षे टिकली. ती दिसत नव्हती असे नव्हे. देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकास ती दिसत होती. ज्या आवृत्तीचे नावच 'वि'ने सुरू होते, तिच्या वाचकांना तर ती रोज दिसत होती. दोष दिसणे आणि दोष दूर करण्याचे साधन हाती असणे, यांत मोठे अंतर आहे. लेखाची संहिता वाचकाच्या हाती होती. चिन्ह मात्र तयार चित्र म्हणून त्याच्यापुढे आले होते. २०१० साली फिलिप मेट्शन यांनी गोलाचे त्रिमितीय प्रतिरूप नव्याने उभारले, तेव्हाच अक्षरे सुधारता आली. त्याच वेळी नावाची अक्षरे 'लिनक्स लिबर्टाइन' या मुक्त टंकात घडविण्यात आली. चिन्हाची सामग्रीही मुक्त असावी, ही जाण त्यात दिसते.

निवडीच्या वेळी देवनागरी जाणणाऱ्यांचा अभाव होता किंवा त्यांच्या मताला स्थान नव्हते, असे या घटनेवरून म्हणावे लागते. मतदान कितीही व्यापक असले तरी लिपीच्या शुद्धतेचा निर्णय बहुमताने होऊ शकत नाही. शंभर जणांना आकृती आवडली म्हणून वेलांटी उजवीकडे जात नाही.

रुपयाचा 'र' : एक तुलना

याच कालखंडात देवनागरीचे दुसरे अक्षर सार्वजनिक चिन्हात रूपांतरित होत होते. २००९ साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाने रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रस्तावांतून पाच निवडण्यात आले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अभिकल्पाचे अध्ययन केलेल्या डी. उदयकुमार यांच्या आकृतीवर शिक्कामोर्तब केले. देवनागरी 'र' आणि उभा दांडा वगळलेला रोमन 'आर' यांचा मेळ त्यात आहे. शिरोरेषेखाली आणखी एक आडवी रेषा आहे. त्याच वर्षी युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्यास स्थान मिळाले.

शुद्धलेखनाच्या दृष्टीने पाहिल्यास हा 'र'ही नेहमीचा 'र' नव्हे. मग 'वि'ला सदोष ठरवून 'र'ला मान्यता देणे विसंगत ठरत नाही काय? असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर हेतूत व वाचनीयतेत आहे. रुपयाच्या चिन्हात लिपीचे नियम ठाऊक असलेल्या हाताने जाणीवपूर्वक फेरफार केला आहे. अक्षराची ओळख टिकून राहते आणि तिच्यात नवा अर्थ भरला जातो. विकिपीडियाच्या गोलावरील 'वि'त हेतू नव्हता, केवळ अनभिज्ञता होती. तेथे अक्षराचे वाचनच खुंटते. कवीने मोडलेले व्याकरण आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटलेली चूक यांत जो भेद आहे, तोच येथे आहे.

तथापि रुपयाच्या निवडीचा मार्ग मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी आदर्श मानता येणार नाही. तेथे प्रस्ताव खुले होते, परंतु अंतिम निर्णय शासनाचा होता. राजमुद्रेची परंपरा तेथे नव्या रूपात कायम राहिली आणि चलनाच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे.

मीडियाविकीचे सूर्यफूल

विकिपीडिया ज्या आज्ञावलीवर चालतो तिचे नाव मीडियाविकी. मराठी विकिपीडियाचे प्रत्येक पान हीच आज्ञावली वाचकापर्यंत पोहोचविते. २००३ साली या आज्ञावलीसाठी स्वीकारलेल्या चिन्हात सूर्यफुलाचे एक छायाचित्र दुहेरी चौकटी कंसांत बसविलेले होते. छायाचित्र फ्लोरन्स देव्हुआर यांचे आणि रचना एरिक म्योलर यांची. विकीच्या लेखनपद्धतीत एका पानाचा दुवा दुसऱ्या पानाशी जोडण्यासाठी हेच कंस वापरले जातात. त्यामुळे जाणकाराला त्या चिन्हात आज्ञावलीचे मर्मच दिसे.

छायाचित्राला स्वतःच्या मर्यादा असतात. आकार लहान केला की पाकळ्यांचा गोळा होतो. मोठा केला की कडा फाटतात. एकरंगी छपाईत ते टिकत नाही. २००३ मधील पडद्यावर ज्याचे कौतुक झाले, तेच चिन्ह भ्रमणध्वनीच्या युगात गैरसोयीचे ठरले. २०२० मध्ये नव्या चिन्हाचा प्रस्ताव पुढे आला. प्रस्ताव मागविणे, मतदानाच्या फेऱ्या आणि कायदेशीर तपासणी या मार्गाने सर्हियो मॅगपाय या टोपणनावाने काम करणाऱ्या सहभागी व्यक्तीची आकृती निवडली गेली आणि २०२१ साली ती रूढ झाली. सूर्यफुलाची कल्पना कायम राहिली. छायाचित्राची जागा साध्या, भौमितिक पाकळ्यांनी घेतली.

या बदलाविषयी हळहळ वाटणे शक्य आहे. जुन्या चिन्हात एका खऱ्या फुलाचा, एका व्यक्तीच्या सहभागाचा स्पर्श होता. नवी आकृती आजकालच्या असंख्य सपाट चिन्हांच्या पंक्तीत सहज मिसळते. ही उणीव नाकारता येत नाही. परंतु नव्या चिन्हाचा गुण दुसरीकडे आहे. रेषात्मक आकृती कोणत्याही आकारात स्पष्ट राहते आणि पाकळीचा एखादा कोन खटकल्यास ती उघडून सुधारता येते. गोलावरील 'वि'ने जी सात वर्षे घेतली, ती अशा आकृतीला घ्यावी लागणार नाहीत.

चिन्हाचे स्वामित्व

दुरुस्तीची मुभा अमर्याद असावी काय, हा प्रश्न यापुढे उभा राहतो. २००६ साली डेबियन व मोझिला यांच्यात निर्माण झालेला तंटा या संदर्भात उद्बोधक आहे. फायरफॉक्स या न्याहाळकाची संहिता मुक्त होती, परंतु त्याच्या अधिकृत चिन्हाचा परवाना डेबियनच्या कसोटीस उतरत नव्हता. म्हणून डेबियनने ते चिन्ह वगळले. चिन्ह नसेल तर नावही वापरता येणार नाही, अशी मोझिलाची भूमिका होती. परिणामी डेबियनने तोच न्याहाळक 'आइसविझल' या नावाने वितरित केला आणि २०१६ पर्यंत तो याच नावाने ओळखला गेला.

मोझिलाची बाजू सर्वस्वी अनुचित म्हणता येत नाही. बदललेली वा बिघडवलेली आज्ञावली मूळ चिन्हाखाली वितरित झाली तर वाचकाची फसवणूक होते. चिन्ह हे विश्वासाचे वचन असते. परंतु बनावटीपासून संरक्षण आणि दुरुस्तीस मज्जाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियनने १९९९ मध्ये केलेली खुल्या व राखीव चिन्हांची विभागणी हा या पेचावरील एक समंजस तोडगा ठरतो.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मतदानाने चिन्हाला संमती मिळते, शुद्धता मिळत नाही. म्हणून ज्या लिपीचे अक्षर चिन्हात घ्यावयाचे, त्या लिपीच्या जाणकाराचा अभिप्राय मतदानापूर्वी घेतला पाहिजे. दुसरी, चिन्हासोबत त्याची बदल करण्याजोगी मूळ आकृतीही जतन व्हावी; मूळ आकृतीविना चिन्ह म्हणजे संहितेविना आज्ञावली होय. तिसरी, चिन्हाचा परवाना निवडीच्या वेळीच ठरवावा.

हा विषय दूरदेशीच्या संगणकतज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. वराळे-तळेगावसारख्या परिसरात अभियांत्रिकीचे आणि भाषेचे अध्यापन थोड्याच अंतरावर चालते, परंतु त्यांचा संवाद क्वचितच घडतो. महाविद्यालयांत विभाग, महोत्सव, नियतकालिके व विद्यार्थ्यांनी घडविलेल्या आज्ञावली यांसाठी चिन्हस्पर्धा घेतल्या जातात. निकाल लागतो, पारितोषिक दिले जाते, चित्र फलकावर चढते आणि त्यातील अक्षर चुकलेले असेल तर तेही फलकावर चढते. अशा निवडसमितीत मराठीच्या अध्यापकास स्थान देणे आणि विजेत्याकडून मूळ आकृती मागून घेणे, या दोन गोष्टींना कोणताही खर्च येत नाही. गोलावरील वेलांटीला आपल्या जागी परतण्यास सात वर्षे लागली. महाविद्यालयाच्या फलकावरील वेलांटीला तेवढी वाट पाहावयास लावण्याचे कारण नाही.