मध्यमवर्गीय सम्राज्ञी

आजवर मी पुष्कळ गोष्टींची परीक्षणे लिहिली. नाटकांची लिहिली, कवितासंग्रहांची लिहिली, एकदा तर एका मित्राच्या आग्रहाखातर त्याने बांधलेल्या बंगल्याचेही लिहिले. (बंगला अजून उभा आहे, मैत्री नाही.) पण बोटीचे परीक्षण लिहायची ही पहिलीच वेळ. त्याला कारण आमचे चिरंजीव. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली, या अपराधाबद्दल त्यांनी आम्हांला मुंबई-गोवा-मुंबई अशी जलसफर ठोठावली. तिकिटे तीन. एक माझे, एक हिचे आणि तिसरे अक्काचे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय ७८, सासर देवगड, हल्ली मुक्काम मुलाकडे डोंबिवलीला. १९६६ साली लग्न झाल्यावर ती भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनेच सासरी गेली होती. त्यामुळे बोट या विषयातला आमच्या घरातला अधिकार तिच्याकडे आहे. मी आपला नावाचा परीक्षक.

आता परीक्षणाचा पहिला नियम असा की, आधी कूळमूळ पाहावे. बोटीचे नाव 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी. जन्म १९९०, फ्रान्समधल्या सँ-नाझेर बंदरातल्या गोदीत. घराणे मोठे. १९३५ साली प्रवासाला निघालेली 'नॉर्मंडी' याच गावची आणि २००४ सालची 'क्वीन मेरी २'सुद्धा इथलीच. पण मुलीच्या नावाचा घोळ पाळण्यातच सुरू झाला. ज्या कंपनीने ती बांधायला सांगितली, त्यांनी नाव योजले होते 'फ्यूचर सीज'. ती बांधून होईपर्यंत ती कंपनी दुसरीच्या पोटात गेली होती आणि बोट पाण्यावर आली ती रॉयल कॅरिबियनची 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून. बारशाला आत्याबाई म्हणून साक्षात गायिका ग्लोरिया एस्तेफान हजर. २००४ साली तिची झाली 'एम्प्रेस ऑफ द सीज'. २००८ साली ती स्पेनमधल्या पुलमांतूर कंपनीत गेली, तिथे नुसती 'एम्प्रेस'. २०१६ साली पुन्हा माहेरी, पुन्हा 'एम्प्रेस ऑफ द सीज'. २०२० साली माहेरच्यांनी विकली आणि २०२१ साली ती मुंबईला आली, पुन्हा 'एम्प्रेस'.

हा इतिहास मी अक्काला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तांदळाच्या ताटात पाचदा नाव लिहिलं म्हण की बिचारीचं!" एवढ्या नेमक्या शब्दांत नौकानयनाच्या इतिहासकारांनाही सांगता आले नसते.

मी नोकरी केली ती वजनमापे खात्यात. तेव्हा बोटीचा टनभार '४८,५६३' असा वाचल्यावर माझ्यातला निरीक्षक जागा झाला. इतकी वजनदार बाई पाण्यावर तरंगते कशी? चौकशी केली तर कळले की, हा टन वजनाचा नव्हेच. तो घनफळाचा हिशेब. पूर्वी इंग्लंडात गलबतात दारूची किती पिंपे मावतात यावरून त्याचा आकार ठरवीत आणि त्या पिंपाचे नाव 'टन'. पिंपे गेली, शब्द राहिला. एखाद्या वाण्याने असले माप वापरले असते तर मी त्याच्यावर खटला भरला असता. पण समुद्रावर चालते.

या मापाने एक गंमत मात्र हाती लागली. 'टायटॅनिक' होती ४६,३२८ टनांची. म्हणजे आमची एम्प्रेस तिच्याहून चार बोटे वरचढच. लांबीला मात्र कमी. टायटॅनिक २६९ मीटर, ही २११. आखूड पण ऐसपैस, असा हा बांधा आहे. आणि जी टायटॅनिक जगातली सर्वांत मोठी बोट म्हणून निघाली होती, तिच्याहून मोठी ही बोट आज मध्यम आकाराची म्हणून ओळखली जाते! कारण २०२४ साली निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' आहे अडीच लाखांच्या घरातली. सम्राज्ञी असून मध्यमवर्गीय! मला हे ऐकून इतके बरे वाटले की, मी तिकिटाची किंमत विचारायची विसरलो. चिरंजीवांनीही सांगितली नाही.

आता कलाकृतीकडे वळू. ही बोट खास तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी बांधली. हे तिचे वैशिष्ट्य. त्या काळी मायामीहून बहामा बेटांना अशा छोट्या सफरी निघत आणि त्यांना बहुधा लांबच्या मार्गांवरून उतरवलेल्या जुन्या बोटी जुंपत. पहिल्यांदाच कोणी विचार केला की, दोन-तीन दिवसांच्या पाहुण्यासाठीच बोट बांधली तर कशी असावी? उत्तर असे निघाले की, पाहुणा खोलीत थांबणारच नाही, त्याला झोपायला वेळच नाही. म्हणून खोल्या चिमुकल्या आणि बाहेरचे दिवाणखाने डोळे दिपवणारे. जेवणाचे दालन दुमजली, बोटीच्या पिछाडीला, उंच काचांचे. म्हणजे घास घेता घेता मागे पडणारा समुद्र दिसतो. नाट्यगृह दुमजली. आणि मधोमध खालपासून वरपर्यंत उघडा ठेवलेला चौक, त्यात चकचकीत जिने आणि काचेच्या लिफ्टा. या चौकाला ते एट्रियम म्हणतात. अक्का तिथे उभी राहून वर बघत म्हणाली, "वाड्याचा चौकच की रे. फक्त तुळशीवृंदावन नाही."

खोलीबद्दल मी सह्याद्रीसारखा ठाम आहे. परदेशी परीक्षकांनी या बोटीच्या खोल्या लहान म्हणून नाके मुरडली आहेत. साधी खोली सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास. अहो, आमचा जन्म गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत गेला. तीत आम्ही सात माणसे, एक पाहुणा आणि एक शिवणाचे यंत्र नांदत होतो. इथे त्याच मापात दोन माणसे, वर न्हाणीघर खोलीतल्या खोलीत! ही आत शिरल्याबरोबर म्हणाली, "आपल्या जुन्या घरी आल्यासारखं वाटतंय." आणि तिने लगेच दाराच्या कडीवर टॉवेल वाळत घातला.

दोष सांगितला नाही तर परीक्षकाला झोप येत नाही. तर दोष असा की, या जातीच्या बोटी माणसाला समुद्र विसरायला लावतात. वर पोहण्याचा तलाव आहे. म्हणजे अरबी समुद्राच्या मधोमध माणसे डबक्यात उभी राहून समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात. चढायला भिंत आहे. २००४ सालच्या डागडुजीत ती बसवली. ज्या राष्ट्रात रायगड आहे, त्या राष्ट्रातली माणसे या खोट्या कड्यावर दोर बांधून चढतात आणि खाली टाळ्या पडतात. जुगाराचे दालन असे ठेवले आहे की, कुठूनही कुठे जाताना माणूस त्याच्या आसपास पोचतोच. मी स्वतः वाचनाला शांत कोपरा शोधताना दोनदा पोचलो. चूक माझीच, मला पुढची बाजू आणि मागची बाजू शेवटपर्यंत कळली नाही. पण वास्तुकाराने तिचा अंदाज आधीच बांधला असावा असे वाटते.

आणखी एक. ही बोट हलत नाही. अशा बोटींना पोटाशी माशासारखे पर असतात. लाट आली की ते आपला कल बदलून बोटीला सावरतात. हिने बॅगेत आवळासुपारी, लिंबू, आल्याच्या वड्या असा तोफखाना आणला होता, तो तसाच परत आला. अक्का खट्टू झाली. "लागत नाही ती बोट कसली?" ती म्हणाली. तिच्या वेळी जयगड येईपर्यंत निम्मा डेक आडवा होत असे आणि उरलेला निम्मा त्याला पाणी देत असे. त्यातून ओळखी होत. एक सोयरीकही जमल्याचे तिला आठवते.

पण सुरुवातीची एक गोष्ट सांगायची राहिली. बोट सुटण्याआधी सगळ्यांना संकटकाळची तालीम देतात. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, तेव्हापासून हे चालत आले आहे. बाकीचे प्रवासी हसतखेळत उभे होते. अक्का मात्र एकेक होडी मोजत होती. मोजून झाल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "पुरतील." मला एकदम आठवले. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि बुडाली. सहाशेच्या वर माणसे गेली. अक्का तेव्हा दोन वर्षांची, तिला आठवणार काहीच नाही. पण आमच्या आईने पुढे आयुष्यभर, घरातले कुणीही बोटीने निघाले की, देवापुढे नारळ ठेवला आणि 'रामदास' हा शब्द उच्चारला नाही. अक्काने बोटी मोजल्या त्या आईसाठी, असे मला वाटले. मी तसे बोललो नाही. तीही बोलली नाही.

या बोटीने कायकाय पाहिले असेल! बहामाचे नवपरिणित, मग स्पेनचे रात्री दहाला जेवायला बसणारे लोक. २०१७ सालापासून ती अमेरिकेतून हवानाला जाऊ लागली. तिथल्या बंदरात हल्लीच्या अगडबंब बोटींची डाळ शिजत नाही. मध्यम असल्याचा फायदा होतो तो असा. २०१९च्या जूनमध्ये अमेरिकेने त्या सफरी बंद केल्या. आणि पुढच्या वर्षी करोनाने सगळ्याच बोटी बंद केल्या. आज त्याच मुदपाकखान्यात जैनांसाठी कांदा-लसणावाचून स्वयंपाक शिजतो. फ्रान्समध्ये आराखडा काढणाऱ्या माणसाला हे स्वप्नात तरी दिसले असेल का? मला विचाराल तर बोटीवरची सगळ्यांत दांडगी सोय हीच. भिंत चढायला पाच माणसे होती, जेवायला सगळी.

तिच्याच वयाची आणखी एक बोट मुंबईने पाहिली. 'कर्णिका'. जन्म तिचाही १९९०, इटलीतला. डॉल्फिनसारखा तोंडवळा, तो रेन्झो पियानो या नामांकित वास्तुकाराने दिलेला. २०१९च्या एप्रिलपासून ती मुंबईहून सफरी करू लागली आणि २०२०च्या नोव्हेंबरात ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. अलंग म्हणजे बोटींची स्मशानभूमी. भरतीला बोट पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालतात आणि मग तिचे पत्रे कापून काढतात. एम्प्रेसच्या गोदीतल्या दोन बहिणी, 'सॉव्हरिन' आणि 'मोनार्क', त्याच वर्षी तुर्कस्तानात भंगारात गेल्या. तिशी ओलांडलेल्या बोटीला भारतातून बोलावणे येते ते बहुतेक अलंगचेच. हिला आले ते बॅलार्ड पिअरचे. आणि ज्या छोट्या सफरींवर जुन्या बोटी नकोत म्हणून हिला बांधले, त्याच सफरींवर ही आता जुनी होऊन राबते आहे. मला निवृत्तीनंतर दोन वर्षे मुदतवाढ मिळाली होती. त्या दोन वर्षांत मी जेवढा मन लावून काम करीत होतो, तेवढा आधीच्या तीस वर्षांत केला नव्हता. तेव्हा रंगाच्या थरांखाली कुठे पोचे दिसले तर मी नजर दुसरीकडे वळवली. परीक्षकाने असे करू नये. पण केले.

रात्री साडेतीनला जाग आली. पाहतो तर अक्काच्या खोलीचे दार उघडे आणि आत कोणी नाही. मी आणि ही घाबरून वर गेलो. अक्का डेकवर कठड्याशी उभी होती. अंगावर शाल, पायांत चपला, खांद्याला तिची कापडी पिशवी.

"अगं, पिशवी कशाला?"

"देवगड आलं की उतरायला तयार नको का?" ती म्हणाली.

ती थट्टा करते आहे की नाही ते मला अंधारात कळेना. त्या वेळी बोट देवगडला धक्क्याला लागत नसे. भोंगा वाजे, किनाऱ्यावरून पडाव येई आणि तांडेल हात धरून माणसे खाली घेई. आधी पोरे, मग वळकट्या, मग नवऱ्या. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, अशी ती बोट दारोदार थांबत जायची. ही कुठेही थांबत नाही. मुंबईनंतर एकदम गोवा. आणि देवगडचे घर अक्काने दोन वर्षांपूर्वी विकले. सही तिनेच केली.

"ते बघ," ती म्हणाली. "आमचा दिवा. मागच्या पडवीत यायचा त्याचा उजेड."

क्षितिजावर एक ठिपका लुकलुकत होता. माझ्या मते तो मासेमारीचा ट्रॉलर होता. ही म्हणाली, "दीपगृहच आहे, गप्प बसा." अक्का ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती, दोन उजेडांमधले. मीही मोजू लागलो. माझे आकडे दर वेळी वेगळे येत होते, तिचे काय येत होते ते तिने सांगितले नाही.