हलगीवाल्याची नोंद

एका तरुण कार्यकर्त्याने मध्यंतरी माझ्या हाती एक टाचण दिले. तमाशाच्या फडात चाळीस वर्षे हलगी वाजविलेल्या एका म्हाताऱ्या कलावंताची ज्ञानकोशात नोंद व्हावी अशी त्याची इच्छा. ती टिकेल काय, एवढेच त्याला विचारायचे होते. सोबत पुरावेही होते. जत्रांची तीन हँडबिले, त्यांत फडमालकाचे नाव मोठ्या टाइपात, नाचणाऱ्या बायांची त्याखाली, आणि हलगीवाल्याचे कुठेच नाही. एक कॅसेट, तिच्या वेष्टनावरही नाही. एक छायाचित्र, त्यात नाचणारणीच्या पदरामागे त्याचा अर्धा चेहरा.

केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले, १९७६ पासून विश्वकोशाचे खंड येऊ लागले. तेथे कोणाला घ्यावयाचे हे संपादक ठरवीत. २००३ पासून मराठीत असलेल्या विकिपीडियावर कोणीही लिहावे, आणि लिहिलेले काढून टाका असेही कोणी म्हणावे. इंग्रजी आवृत्तीत अशा प्रस्तावावर साधारण सात दिवस चर्चा चालते. कसोटी अशी की, त्या माणसाशी हितसंबंध नसलेल्या, भरवशाच्या प्रकाशित साधनांत त्याच्याविषयी पुरेसे लिहून आलेले असावे. संगीतकाराला आणखी काही वाटा आहेत: मोठ्या कंपनीच्या दोन ध्वनिमुद्रिका, खपाच्या यादीत स्थान, मोठे पारितोषिक.

ही कसोटी ब्राह्मणी आहे, मोडून टाका, असे आमचे काही मित्र चटकन म्हणतील. मला ते पटत नाही. ती नसती तर गल्लोगल्लीच्या अध्यक्षांनी आपापली आरती ज्ञानकोशात लिहून ठेवली असती! पण ती काय मोजते हे नीट पाहिले पाहिजे. ती हलगी मोजत नाही. हलगीविषयी दुसऱ्या कोणी लिहिले काय, एवढेच मोजते. आणि लिहिणारे कोण होते?

पठ्ठे बापूरावांचे उदाहरण घ्या. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५). ब्राह्मणाचा मुलगा घरदार, कुलकर्णीपण सोडून तमाशात गेला, हीच मुळी बातमी होती. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिले गेले, आणि ते योग्यही आहे. त्यांच्या फडात उभी राहणारी, संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा ही महार स्त्री. ती मात्र दीर्घकाळ बापूरावांच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणूनच सांगितली गेली. तमाशातल्या दलित स्त्रीला जातीच्या संदर्भात, तिच्या स्वतःच्या बाजूने पाहणारा शैलजा पाईक यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ यायला २०२२ साल उजाडले. पवळेची ही गत, तर तिच्या पाठीमागे उभ्या राहिलेल्या हलगीवाल्याची काय सांगावी?

आणि तमाशा तर त्याच्यापासून सुरू होतो. गणाच्याही आधी ढोलकी आणि हलगी यांची जुंपते. शेकोटीवर तापवून कातडे ताणलेले, डाव्या हातातल्या बारीक काडीचा अखंड कडकडाट, उजव्या हाताचा ठोका. ढोलकी पायाला धरून चालते. हलगी तिच्या ठोक्यांमधल्या जागा भरते, लय चढवते, आणि नाचणारीने गिरकी कुठे तोडायची ते तिला आधी सांगते. समीक्षकांनी लावणीतला शृंगार तपासला, शाहिराची प्रतिभा तपासली, नाचणारीचे रूप तर फारच बारकाईने तपासले. लय कोठून येते हे विचारावे असे थोड्यांनाच वाटले. कातड्याला हात लावणारा हात कोणत्या जातीचा, हे माहीत असल्यामुळे तर नव्हे?

विकिपीडियाचा आणखी एक दंडक मला फार बोलका वाटतो. वाद्यवृंदातल्या माणसाचे स्वतंत्र कर्तृत्व सिद्ध नसेल, तर त्याच्या नावाने शोधणाऱ्याला वृंदाच्या पानाकडे पाठवावे. म्हणजे हलगीवाल्याला शोधत जा, तर फडमालक भेटणार. हँडबिलावर तेच, ज्ञानकोशातही तेच.

परंतु दोष केवळ त्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत चळवळीत आजही सांगितली जाते. त्या नकाराची किंमत मी कमी लेखत नाही. कितीतरी गावांत आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसा बाजाही सोडला. पाटलाच्या वरातीपुढे, फेकलेल्या भाकरीसाठी वाजवायची ती हलगी फेकून देण्यात मुक्ती होती. पण त्या आवेगात ज्यांनी वाजवायचे सोडले नाही, त्यांची नोंद आपणही केली नाही. आंबेडकरी जलशांविषयी भीमराव कर्डकांनी १९७८ साली ग्रंथ सिद्ध केला म्हणून ते कलावंत आज सापडतात. हलगीवाल्याला असा कर्डक मिळाला नाही. मी स्वतः इतकी वर्षे लिहितो आहे. एक ओळही त्याच्यावर लिहिलेली नाही.

तेव्हा माझे मत. हा माणूस नोंदीला पात्र आहे. हे टाचण नाही. त्यात ‘हलगीसम्राट’ हा शब्द चार वेळा आहे, आणि गुरू कोण, कोणत्या फडात कोणत्या साली होता, त्याचा हात दुसऱ्यांपेक्षा वेगळा कसा ऐकू येतो, यांतले काहीच नाही. गौरवाचे शब्द काढून टाकले तर अर्धे पान उरते. असली नोंद उडवली तर तो अन्याय म्हणता येणार नाही. आधी लेख हवा. तटस्थ, तपासलेला, छापलेला, आणि तो आपल्या नियतकालिकांतून येऊ शकतो. आपली पानेही छापील साधनेच आहेत, हे आपणच विसरतो.

टाचण मी परत केले आहे, मागे अकरा प्रश्न लिहून. त्याच्याबरोबर नाचलेल्या दोघी हयात आहेत. पैकी एकीला त्याचे तोडे तोंडपाठ आहेत असे ऐकतो. चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. तेव्हा ती तेथे भेटेल. कार्यकर्त्याला ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन जायला सांगितले आहे, आणि पहिला प्रश्न तिला तिच्याबद्दल विचारायला.