मनोवेग, निमिष आणि फलाटावरची पाटी

वेगाची परमावधी सांगायची तर आपण ‘मनोवेग’ म्हणतो. विज्ञानविषयक मजकूर लिहिणारेही मज्जातंतूंतला संदेश ‘विजेच्या वेगाने’ जातो, असे बिनदिक्कत लिहितात. दोन्ही वर्णने चुकीची आहेत आणि डोंबिवलीसारख्या, रुळांच्या दोन्ही अंगांना वसलेल्या शहरात ही चूक केवळ भाषेची राहत नाही.

हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी ९७ किलोमीटर भरला. जलद लोकलही जवळपास इतक्याच वेगाने धावते. माणसाच्या जाड, मायलिनचे वेष्टण असलेल्या तंतूंत हा वेग सेकंदाला १०० मीटरपुढे जातो; वेष्टण नसलेल्या, ठणका पोचवणाऱ्या बारीक तंतूंत तो एक-दोन मीटरवर येतो. तारेतून वीज वाहावी तसे इथे काही वाहत नाही. तंतूच्या भित्तीतली सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात, त्यामुळे पुढची दारे उघडतात. निरोप असा टप्प्याटप्प्याने जातो.

तरीही सगळा उशीर तंतूंच्या माथी मारता येत नाही. मेंदूपासून पावलापर्यंतचे दीड मीटर अंतर सेकंदाला ५० मीटर वेगाने ०.०३ सेकंदात संपते. दिवा लागताच बटण दाबायला मात्र निरोगी तरुणाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. उरलेला वेळ दृष्टिपटलावर प्रकाशाचा संदेश होण्यात, तो ओळखण्यात आणि हालचाल ठरवण्यात जातो. पुढे जावे की मागे, असा पर्याय आला की हा काळ आणखी वाढतो. ‘निमिष’ म्हणजे पापणी लवण्याचा काळ. तोही साधारण याच मापाचा. मनोवेगापेक्षा हा शब्द शरीराशी अधिक प्रामाणिक आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी ०.२ सेकंदात साडेपाच मीटर पुढे येते; गोंधळात गेलेल्या एका सेकंदात २८ मीटर.

आता फलाटावरची पाटी वाचू. रूळ ओलांडणे गुन्हा आहे, असे ती बजावते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार ते खरेच. पण ती कायदा सांगते. गाडी किती वेगाने जवळ येते आहे, हे सांगत नाही. अपघातानंतरच्या बातमीतला ‘निष्काळजीपणा’ हा शब्दही तितकाच अपुरा. अनिल काकोडकर समितीच्या २०१२ च्या अहवालानुसार रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरत होती, त्यांतली सुमारे ६ हजार मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. इतक्या मृत्यूंना एकच विशेषण लावणे हा विचाराचा आळस आहे.

वडाळ्याला २०१० च्या सुमारास ‘फायनलमाइल’ या संस्थेने रेल्वेसोबत वेगळा मजकूर लिहिला, तोही जवळजवळ शब्दांविना. अजस्र वस्तू डोळ्याला प्रत्यक्षाहून सावकाश येताना भासते. म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले. ते गाडीखाली झपाझप नाहीसे होताना वेगाचा अंदाज येतो. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे वाजवले. गाडी अंगावर येताना भेदरलेल्या माणसाची छायाचित्रे लावली.

रुंद पूल, सरकते जिने आणि कुंपण यांची जागा पिवळा रंग घेऊ शकत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पूल गैरसोयीचा ठेवून माणसाच्या मेंदूला दोष देणेही अन्यायाचेच. पण पाटी लावायचीच असेल, तर तिची कसोटी एकच: रुळावर पाऊल टाकण्याआधी तिने डोळ्याला आणि कानाला काय कळवले?