परांची, मांडव आणि टाका : ‘स्कॅफोल्ड’ या संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्द संस्कृत असावा की देशी, या वादातच अडकून पडते. संज्ञेतून वस्तूचे कार्य यथार्थपणे व्यक्त होते काय, हा मूळचा प्रश्न मात्र बाजूस राहतो. डीएनएच्या सूक्ष्मरचनांसंबंधीच्या लेखनात वारंवार येणारा ‘स्कॅफोल्ड’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

या विद्याशाखेचा पाया नेड्रियन सीमन यांनी १९८२ मध्ये घातला. प्रथिनांचे स्फटिक मिळविणे कष्टाचे असते. तेव्हा शाखायुक्त डीएनएची जाळी रचून तीत प्रथिने नियमित अंतरावर बसवावीत, ही त्यांची मूळ कल्पना. पुढे २००६ मध्ये पॉल रॉथेमुंड यांनी एका विषाणूचा सात हजारांहून अधिक घटकांचा एकपदरी धागा घेतला. दोनशेहून अधिक आखूड धाग्यांसह तो तापवून निवविला असता, आखूड धाग्यांनी त्याचे दूरदूरचे भाग जुळवून आणले आणि सुमारे १०० नॅनोमीटर मापाच्या चौकोन, चांदणी अशा आकृती सिद्ध झाल्या. लांब धाग्यास त्यांनी ‘स्कॅफोल्ड’ म्हटले, आखूड धाग्यांस ‘स्टेपल’.

‘स्कॅफोल्ड’ला आपल्या गवंड्यांचा शब्द परांची. परंतु बांधकाम पुरे झाले की परांची सोडली जाते. येथे लांब धागा सोडला जात नाही. जवळजवळ निम्मी आकृती त्याचीच बनलेली असते. म्हणून या धाग्यास परांची म्हणणे अयथार्थ होय. त्यास ‘मूळ धागा’ आणि आखूड धाग्यांस ‘टाका’ म्हणावे. गोधडीचे पदर टाक्यांनीच एकत्र राहतात, हे सांगावे लागत नाही.

त्याच इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ याहून निराळा आहे. तयार झालेली डीएनए-रचना इतर कणांना आधार देते, तेव्हा तीही ‘स्कॅफोल्ड’च. २०१२ मध्ये अशा रचनेवर सोन्याचे कण मळसूत्राच्या वळणाने बसविण्यात आले; डाव्या व उजव्या वळणाचा प्रकाशावरील परिणाम परस्परविरुद्ध आढळला. आधार काढला तर कणांची ही मांडणीच उरणार नाही. अशा आधारास कुंडल-पलूस परिसरातील द्राक्षबागाईतदारापाशी नेमका शब्द आहे : मांडव. खरड छाटणी होते, फळछाटणी होते. मांडव उभाच राहतो आणि वेलीचा विस्तार त्याच्या तारांवरून ठरतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. लग्नाचा मांडव उतरविला जातो, हा पहिला. तो खरा आहे. परंतु ‘वेलमांडव’ असा समास केल्यास संदिग्धता उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मांडवावर कोणती फांदी कोठे जाईल हे पुष्कळ अंशी बागाईतदाराचा हात ठरवितो. डीएनए-रचनेत प्रत्येक टाक्याचा घटकक्रम वेगळा असल्याने कणाची जागा आधीच निश्चित असते. हा विशेष ‘मांडव’ या शब्दात येत नाही; तो व्याख्येत स्वतंत्रपणे सांगावा लागेल.

‘आधारक’ हा संस्कृत पर्याय निर्दोष भासतो, परंतु आधार टिकतो की जातो याविषयी तो मौन पाळतो. ऊती-अभियांत्रिकीत पेशींची वाढ होत असता हळूहळू विरून जाणारा ‘स्कॅफोल्ड’ असतो. त्यास परांची हा शब्द शोभून दिसेल. एका इंग्रजी शब्दास एकच मराठी प्रतिशब्द हवा, हा आग्रह सोडल्यास इंग्रजीत झाकला गेलेला भेद मराठी विद्यार्थ्यास प्रथमवाचनीच दिसेल. परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा नसावी, आणि याहून कमीही नसावी.