'द इनर आय' : परिसर आणि कलावंत

सत्यजित राय यांनी आपले शांतिनिकेतनातील गुरू, चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर १९७२ मध्ये 'द इनर आय' हा सुमारे २० मिनिटांचा माहितीपट निर्माण केला. शीर्षकामुळे प्रेक्षकाचे लक्ष प्रथम कलावंताच्या अंधत्वाकडे जाते. तथापि माहितीपटाचे खरे सामर्थ्य परिसरचित्रणात आहे. कलाभवनाच्या वसतिगृहातील १९४० च्या छतचित्रात मध्यवर्ती तळ्याभोवती बीरभूमचे ग्रामजीवन साकारले आहे. परिसराचे हे दीर्घ निरीक्षण लक्षात घेता, दृष्टी गेल्यानंतरची निर्मिती चमत्कार न वाटता संचित स्मृतीचा आविष्कार वाटते. म्हणूनच कलावंतांवरील लघुमाहितीपटांचे मूल्यमापन ते जागवीत असलेल्या सहानुभूतीवरून नव्हे, तर परिसर व कलाकृती यांचा संबंध ते कितपत उलगडतात यावरून होणे आवश्यक आहे.